टेस्टने उघडलेल्या प्रोग्रामला डीबगर कसा जोडायचा

इंटरफेस टेस्ट चालू आहे. विंडो उघडते, टेस्ट नाव भरते, ‘जतन करा’ दाबते आणि विंडो गायब. अहवालात एवढंच येतं: पुढचं बटण सापडलं नाही. तुम्ही जतन करणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘इथे थांब’ अशी खूण, लावता, टेस्टवर राइट-क्लिक करून ‘डीबग’ निवडता. तेच नाटक पुन्हा डोळ्यांसमोर घडतं आणि ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका पोकळचा पोकळ, म्हणजे निष्क्रिय, राहतो. गंमत म्हणजे टेस्टच्या कोडमध्ये लावलेल्या ब्रेकपॉइंटवर तोच डीबगर अगदी आज्ञाधारकपणे थांबतो.

या कामात नव्याने पडलेल्या माणसाचा एखादा दिवस तरी इथे जातोच. माझे दोन गेले होते. मी सिम्बॉल (चालणारा कोड मूळ ओळींशी जुळवणारी माहिती) तपासले, बिल्ड साफ करून पुन्हा केलं, आयडीई (कोड लिहायचा आणि चालवायचा प्रोग्राम) बंद करून उघडला. बिघाड यातल्या कशातच नव्हता. डीबगर टेस्टला धरून बसला होता आणि प्रोग्राम शेजारच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतंत्र चालवलेल्या कामात, मोकळा फिरत होता.

एक सूचना आधीच करतो. आज्ञा, पर्याय आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.

आधी वंशावळ काढा

युनिट टेस्टमध्ये टेस्ट आणि तपासायचा कोड एकाच प्रोसेसमध्ये राहतात, म्हणून तिथे ‘डीबग टेस्ट’ बटण पुरतं. इंटरफेस टेस्टमध्ये टेस्ट रनर ही एक प्रोसेस, तुमचा प्रोग्राम ही दुसरी, आणि बऱ्याचदा मध्ये एखादा मध्यस्थ असतो. ब्राउझरच्या टेस्टमध्ये तर चार पिढ्या होतात: टेस्ट क्रोमड्रायव्हर (ब्राउझरला हुकूम पोचवणारा मध्यस्थ) सुरू करते, क्रोमड्रायव्हर क्रोम सुरू करतो, क्रोम प्रत्येक पानासाठी रेंडरर प्रोसेस काढतो, आणि तुमचं जावास्क्रिप्ट त्या शेवटच्या पिढीत धावतं. आयडीईचं बटण पणजोबांना धरतं. पणतूपर्यंत आपणच पोचायचं.

सगळीकडे असंच असतं असं नाही. अँड्रॉइडवर एस्प्रेसो या टेस्ट लायब्ररीच्या टेस्ट इन्स्ट्रुमेंटेशन या सोयीतून अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे एकाच डीबगरला दोन्हीकडचे ब्रेकपॉइंट सापडतात. आयफोनच्या बाजूला एक्सकोड ७ बरोबर २०१५ साली आलेल्या यूआय टेस्टमध्ये मात्र रनर वेगळा आणि अ‍ॅप वेगळं. म्हणून कुठल्याही साधनाला हात लावण्याआधी आपल्या सेटअपमध्ये कोण कोणाला जन्म देतं ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या. लिनक्सवर ‘पीएसट्री -पी’, विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोरर, मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधलं श्रेणीनुसार दृश्य. टेस्ट चालू असताना हे बघायचं, आणि प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक, म्हणजे पीआयडी, कागदावर टिपून ठेवायचा.

यात एक फसवाफसवी वारंवार होते. टेस्ट ज्या फाइलला सुरू करते ती नुसती लाँचर असते. ती खरा प्रोग्राम सुरू करते आणि स्वतः संपते. टेस्टकडे असलेला पीआयडी मग मेलेल्या प्रोसेसचा. ‘एका वेळी एकच खिडकी’ धोरणाच्या प्रोग्रामांचंही तसंच: आधीची प्रत मागे उघडी राहिली असेल, तर नवी प्रत तिच्याकडे काम सोपवून निघून जाते. मॅकवर खूपदा अ‍ॅप लाँचडी ही सिस्टिमची प्रोसेस सुरू करते, त्यामुळे वंशावळीत ते टेस्टच्या खाली दिसतच नाही. अशा वेळी नावावरून शोधायचं.

जोडण्यापूर्वीची झाडलोट

हे पटकन सांगतो. बिल्ड डीबगचं हवं. ऑप्टिमाइझ केलेल्या रिलीज बिल्डला डीबगर जोडता येतो, पण ओळी उड्या मारतात आणि व्हेरिएबलच्या जागी ‘ऑप्टिमाइझ करून काढलं’ एवढंच दिसतं. सिम्बॉल त्याच बिल्डचे हवेत, कालचे चालत नाहीत. शंभर टेस्टमधून हवी ती एकच चालवा. टेस्ट समांतर चालत असतील तर ते बंद करा, नाहीतर एकाच नावाच्या चार प्रोसेस दिसतील आणि तुम्ही हटकून चुकीची निवडाल. टेस्ट फेल झाल्यावर रनर आपोआप पुन्हा प्रयत्न करत असेल तर तेही बंद.

पद्धत १: टेस्टला थांबवा, मग निवांत जोडा

बग प्रोग्राम सुरू होतानाच घडत नसेल तर ही पद्धत पुरते. दहापैकी सातआठ वेळा मी हीच वापरतो.

१. टेस्टच्या कोडमध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या ओळीच्या लगेच पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा.

२. टेस्ट डीबगमध्ये चालवा. विंडो उघडेल आणि टेस्ट थांबेल. प्रोग्राम आता वापरकर्त्याची वाट बघत शांत बसलेला आहे.

३. दुसरा डीबगर प्रोग्रामला जोडा. व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल-ऑल्ट-पी दाबल्यावर प्रोसेसची यादी येते. त्यात नाव टाइप करून निवडा. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर: ‘जीडीबी -पी ४३१२’ (४३१२ च्या जागी तुमचा पीआयडी). मॅकवरच्या एलएलडीबी या डीबगरमध्ये ‘प्रोसेस अटॅच -पी ४३१२’.

४. प्रोग्रामच्या कोडमध्ये हवा तो ब्रेकपॉइंट लावा.

५. प्रोग्राम पुढे चालू करा.

६. मग टेस्ट पुढे चालू करा.

पाचवी पायरी मुद्दाम वेगळी लिहिली आहे. जीडीबी आणि एलएलडीबी जोडले जाताक्षणी प्रोग्रामला गोठवतात. ‘कंटिन्यू’ म्हणेपर्यंत तो काहीही करत नाही. नवखा माणूस जोडतो, ब्रेकपॉइंट लावतो, थेट टेस्टकडे जाऊन ती पुढे सोडतो, आणि मग ‘डीबगर जोडला की टेस्ट लटकते’ अशी तक्रार घेऊन येतो. व्हिज्युअल स्टुडिओ जोडल्यावर प्रोग्रामला चालू ठेवतो, म्हणून तिथून लिनक्सवर आलेली मंडळी इथे हमखास अडखळतात.

व्हिज्युअल स्टुडिओतला अडखळा वेगळा आहे. जोडण्याच्या विंडोत ‘कोणत्या प्रकारचा कोड’ असा पर्याय असतो. तो आपोआप ठरतो, पण मॅनेज्ड (डॉटनेटचा) आणि नेटिव्ह (थेट प्रोसेसरवर चालणारा, उदा. सी-प्लस-प्लस) असा मिश्र प्रोग्राम असेल तर एकच प्रकार निवडला जाऊ शकतो. मग सी-प्लस-प्लसमधले ठिपके पोकळ राहतात. हाताने दोन्ही निवडा. एकदा जोडून झालं की पुढच्या वेळी शिफ्ट-ऑल्ट-पी दाबलं तरी चालतं. हा ‘पुन्हा जोडा’ शॉर्टकट २०१७ च्या आवृत्तीपासून आहे आणि दिवसाला तीस वेळा जोडणाऱ्याला तो वरदान वाटतो.

पद्धत २: प्रोग्रामलाच वाट बघायला लावा

बग पहिल्या दोन सेकंदांत असेल, म्हणजे सेटिंग वाचताना, परवाना तपासताना, पहिली विंडो रंगवताना, तर पहिली पद्धत वरातीमागून घोडं ठरते. तुम्ही यादीत नाव शोधेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, मेनच्या पहिल्या ओळीत, एक छोटा तुकडा टाकायचा. कोणत्याही भाषेत तो साधारण असा होतो:

वेट_फॉर_डीबगर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणारी किंमत) १ असेल तर
— पीआयडी लॉगमध्ये लिही
— डीबगर जोडलेला नाही आणि १२० सेकंद उलटलेले नाहीत, तोवर १०० मिलिसेकंद झोप, पुन्हा तपास

‘डीबगर जोडलेला आहे का’ हे विचारायची सोय डॉटनेटमध्ये ‘डीबगर.इझअटॅच्ड’ अशी आहे, विंडोजच्या सी-प्लस-प्लसमध्ये ‘इझडीबगरप्रेझेंट’ हे फंक्शन आहे. लिनक्सवर स्वतःच्या ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या स्टेटस फाइलीत ‘ट्रेसरपिड’ नावाची ओळ असते. ती शून्य असेल तर कोणी जोडलेलं नाही, नाहीतर तिथे जोडणाऱ्याचा पीआयडी दिसतो. याहून सोपी जुनी युक्ती म्हणजे एक व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचलं जाणारं) व्हेरिएबल शून्य ठेवायचं, ते शून्य असेपर्यंत गोल फिरत राहायचं, आणि जोडल्यावर डीबगरमधून त्याची किंमत १ करायची.

१२० सेकंदांची मर्यादा विसरू नका. मर्यादा नसेल आणि वेट_फॉर_डीबगर चुकून रात्री टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर गेलं, तर प्रोग्राम सकाळपर्यंत कोणाची तरी वाट बघत बसतो.

व्हेरिएबल प्रोग्रामपर्यंत पोचतं का, हाही प्रश्न आहे. साधारणपणे मुलाला आईबापाचं एन्व्हायर्नमेंट मिळतं. पण आयफोनच्या यूआय टेस्टमध्ये ते आपोआप जात नाही. अ‍ॅप सुरू करण्याआधी ‘लाँचएन्व्हायर्नमेंट’मध्ये स्वतः घालावं लागतं. मध्ये लाँचर किंवा सर्व्हिस असेल तर तीही वाटेत गाळू शकते. शंका आली की पहिल्या ओळीत ते लॉग करा.

काही भाषांत हा तुकडा लिहावाच लागत नाही, कारण वाट बघणं रनटाइमच्या अंगातच आहे. पायथनमध्ये डीबगपाय या लायब्ररीला ५६७८ या पोर्टवर ऐकायला सांगून ‘वेट_फॉर_क्लायंट’ म्हणायचं. नोडला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘--इन्स्पेक्ट-बीआरके’ दिलं की तो पहिल्या ओळीवर थांबतो आणि ९२२९ पोर्टवर ऐकत राहतो. इलेक्ट्रॉनच्या, म्हणजे वेबपानांतून बनवलेल्या डेस्कटॉप प्रोग्रामात इथे दोन दारं आहेत हे लक्षात ठेवा: मुख्य प्रोसेससाठी ‘--इन्स्पेक्ट’ आणि आतल्या पानांसाठी ‘--रिमोट-डीबगिंग-पोर्ट’. एकाला जोडून दुसऱ्यातला ब्रेकपॉइंट लागण्याची वाट बघणारे मी पाहिले आहेत.

जावाबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण तिथे चूक करणं सोपं आहे. जेडीडब्ल्यूपी एजंटला (जावाच्या डीबगरशी बोलणाऱ्या भागाला) ‘सर्व्हर=वाय, सस्पेंड=वाय’ दिलं की जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं यंत्र, डीबगर येईपर्यंत मेनमध्ये शिरतच नाही. पत्ता म्हणून ५००५ द्यायची पद्धत पडली आहे. बिल्डची साधनं मेव्हन आणि ग्रेडल घ्या: मेव्हनचं टेस्ट चालवणारं शुअरफायर आणि ग्रेडलचा ‘--डीबग-जेव्हीएम’ दोन्ही तोच पोर्ट वापरतात, पण ते टेस्टच्या जेव्हीएमला थांबवतात, तुमच्या प्रोग्रामच्या नाही. मग कोणीतरी सुचवतं की ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ या व्हेरिएबलमध्ये एजंट टाका, सगळ्या मुलांना मिळेल. मिळतो, आणि तीच अडचण आहे. मेव्हन स्वतः जेव्हीएम आहे, त्याने काढलेली टेस्टची प्रोसेस जेव्हीएम आहे, आणि तुमचा प्रोग्रामही. पहिला ५००५ धरून बसतो, दुसरा ‘पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून जीव सोडतो, तुमच्या प्रोग्रामपर्यंत पाळीच येत नाही. टेस्ट जिथे प्रोग्राम सुरू करते तिथेच, फक्त त्या मुलाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तो पर्याय घाला. किंवा पत्ता देऊच नका. जेव्हीएम स्वतः मोकळा पोर्ट शोधून तो छापते. आणि दुसऱ्या मशीनवरून जोडणार असाल तर जावा ९ पासून नुसता ५००५ हा त्याच मशीनपुरता असतो. बाहेरून यायचं तर त्याआधी तारा आणि विसर्ग लागतो, ‘*:५००५’ असा. तो लावला की जाळ्यावरच्या कोणालाही तुमच्या प्रोग्राममध्ये कोड चालवता येतो, म्हणून तो बंद जाळ्यातच लावावा.

पद्धत ३: ऑपरेटिंग सिस्टिमला सांगा

प्रोग्रामचा कोड तुमच्या हातात नसेल किंवा त्याला हात लावायचा नसेल, तर ही.

एलएलडीबीत ‘प्रोसेस अटॅच --नेम तुमचंअ‍ॅप --वेटफॉर’ असं लिहून एंटर दाबा आणि मग टेस्ट सुरू करा. त्या नावाची प्रोसेस जन्मली की एलएलडीबी तिला धरतो. एक्सकोडमध्ये हेच डीबग मेनूतल्या ‘पीआयडी किंवा नावाने जोडा’मध्ये आहे. ही युक्ती नाव सतत तपासत राहण्यावर चालते, म्हणून पहिले काही क्षण निसटू शकतात. मेनची पहिली ओळच पकडायची असेल तर हिच्यावर विसंबू नका.

लिनक्सवर पूर्ण टेस्ट रनरच जीडीबीखाली चालवता येतो. तिथे प्रोसेसने नवी प्रोसेस काढण्याला फोर्क म्हणतात. ‘सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड’ म्हटलं की जीडीबी आईला सोडून मुलाच्या मागे जातो, आणि ‘सेट डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ’ म्हटलं की दोघांनाही धरून ठेवतो. रनरने आधी शेल काढलं, मग कुठली तरी तपासणी काढली, तर जीडीबी पहिल्याच मुलाच्या मागे लागतो आणि खरा प्रोग्राम हातून जातो. मला ही वाट फारशी आवडत नाही.

अँड्रॉइडवर ‘एडीबी शेल एएम सेट-डीबग-अ‍ॅप -डब्ल्यू’ आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते अ‍ॅप पुढच्या वेळी सुरू होताना डीबगरची वाट बघतं. डेव्हलपर पर्यायांमध्ये हेच बोटाने निवडता येतं. टेस्ट ‘एएम इन्स्ट्रुमेंट’ने चालवत असाल तर ‘-ई डीबग ट्रू’ जोडा. अ‍ॅपचं बिल्ड डीबग करण्याजोगं हवं, ही अट दोन्हीकडे आहे.

विंडोजचा मार्ग सगळ्यात पक्का आणि सगळ्यात धोक्याचा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’ नावाची जागा आहे. तिच्याखाली तुमच्या एक्झी (प्रोग्रामच्या) फाइलच्या नावाची की, म्हणजे नोंद, तयार करायची, तिच्यात ‘डीबगर’ नावाची स्ट्रिंग ठेवायची आणि तिची किंमत म्हणून ‘व्हीएसजिटडीबगर.एक्झी’ द्यायचं. त्यानंतर त्या नावाचा प्रोग्राम कोणीही, कुठूनही सुरू केला की विंडोज आधी डीबगर उभा करतं आणि प्रोग्राम त्याच्या हवाली करतं. पहिल्या सूचनेपासून ताबा मिळतो.

आता माझी फजिती. एका सामायिक टेस्ट मशीनवर मी ही की घातली, बग सापडला, आनंदाने घरी गेलो. की तिथेच राहिली. रात्री ठरल्या वेळी साडेतीनशे टेस्ट सुरू झाल्या आणि प्रत्येक टेस्टने प्रोग्राम उघडताना पडद्यावर ‘कोणता डीबगर वापरायचा?’ अशी विंडो आली. उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. सकाळी सगळं लाल. एक सहकारी दुपारपर्यंत नेटवर्कमध्ये दोष शोधत होता आणि मीही त्याच्या शेजारी बसून मान हलवत होतो. तेव्हापासून की घालण्याआधी ती काढणारी फाइल डेस्कटॉपवर तयार ठेवतो.

प्रोग्राम एखाद्या विंडोज सर्व्हिसने सुरू केला असेल तर तो सेशन शून्यात असतो. व्हिस्टापासून तिथे वापरकर्त्याचा पडदाच नाही. डीबगरची विंडो उघडते, पण तुम्हाला दिसत नाही. इंटरफेस टेस्ट मुळात लॉगिन केलेल्या सेशनमध्येच चालवायला हव्यात, त्यामुळे हे घडत असेल तर आधी तेच सुधारा.

घड्याळाशी भांडण

इथपर्यंत आलात, ब्रेकपॉइंट लागला, स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) समोर आहे. तुम्ही एक व्हेरिएबल उघडून बघताय, आणि प्रोग्राम अचानक मरतो. टेस्टने मारलेला असतो.

ब्रेकपॉइंटवर तुमचं घड्याळ थांबतं, टेस्टचं नाही. ब्राउझर टेस्टची तीन साधनं घ्या. प्लेराइटमध्ये एका टेस्टची मुदत न सांगता ३० सेकंद असते. सायप्रेसमध्ये बहुतेक आज्ञा ४ सेकंद वाट बघतात. वेबड्रायव्हरच्या मानकात पान उघडायला ३०० सेकंद, स्क्रिप्टला ३० सेकंद आणि घटक शोधायला शून्य. या सगळ्यांच्या वर रनरची मुदत, आणि तिच्याही वर सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) कामाची मुदत.

डेस्कटॉप प्रोग्रामात आणखी एक पेच आहे, आणि तो समजला की पुष्कळ कोडी सुटतात. टेस्ट बटण शोधते ती अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (दृष्टिहीनांच्या वाचकसाधनांसाठी असलेल्या) वाटेने: प्रोग्रामला विचारते, तुझ्याकडे कोणती बटणं आहेत? याचं उत्तर सहसा प्रोग्रामचा यूआय थ्रेड, म्हणजे विंडो सांभाळणारा धागा, देतो. ब्रेकपॉइंटने तोच गोठवलेला असतो. टेस्ट विचारते, समोरून उत्तर नाही. काही टेस्ट फ्रेमवर्क थोडा वेळ थांबून ‘घटक सापडला नाही’ म्हणतात, काही सरळ लटकतात. म्हणजे अहवालातली ‘सापडला नाही’ ही चूक आता तुमच्या डीबगरने घडवलेली असते, मूळ बगची नव्हे. डीबगर जोडलेला असताना टेस्टने दिलेला निकाल मनावर घेऊ नका.

उपाय असा की मुदती एका जागी आणा आणि एका व्हेरिएबलने मोठ्या करा: वेट_फॉर_डीबगर चालू असेल तर सगळ्या मुदती एक तास. प्लेराइटमध्ये ‘पीडब्ल्यूडीबग=१’ दिलं की ब्राउझर पडद्यावर उघडतो आणि मुदती शून्य, म्हणजे अमर्याद होतात. बाकी ठिकाणी हाताने करावं लागतं. टेस्टच्या शेवटी प्रोग्राम मारणारा टीअरडाउनही तात्पुरता बंद ठेवा, नाहीतर फेल झालेली टेस्ट पुराव्यासकट प्रोग्राम उचलून नेते.

फोकस आणि अडकलेला माउस

टेस्ट मजकूर भरतेय. ब्रेकपॉइंट लागतो, डीबगरची विंडो वर येते, फोकस तिच्याकडे जातो. तुम्ही पुढे चालू करता आणि टेस्टची उरलेली अक्षरं तुमच्या सोर्स फाइलीत टाइप होतात. हसू नका, असा कमिट मी रिव्ह्यूत पकडलेला आहे.

मेनू उघडणे, ओढून टाकणे, टूलटिप हे सगळं फोकस आणि माउसवर अवलंबून. लिनक्सवर एक्स विंडोत (पडदा आणि माउस सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) तर मेनू उघडा असताना ब्रेकपॉइंट लागला की प्रोग्रामने माउस धरून ठेवलेला असतो आणि तो गोठलेला. डीबगरवर क्लिकच करता येत नाही. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने मजकुराच्या कन्सोलवर जाऊन डीबगर मारावा लागतो. क्यूटी या विंडो बनवण्याच्या लायब्ररीच्या प्रोग्रामांना यासाठी ‘-नोग्रॅब’ हा पर्याय आहे.

खरं उत्तर: प्रोग्राम एका पडद्यावर, डीबगर दुसऱ्या. दुसरं मशीन असेल तर उत्तम, नाहीतर आभासी मशीन. लिनक्सवर टेस्ट झेफिर या साधनाने उघडलेल्या आतल्या पडद्यात किंवा एक्सव्हीएफबी या साधनाच्या अदृश्य पडद्यावर चालवा आणि डीबगर बाहेर ठेवा. ‘जीडीबीसर्व्हर :२३४५ --अटॅच ४३१२’ तिकडे, जीडीबी इकडे. व्हिज्युअल स्टुडिओचा दूरस्थ डीबगर २०२२ च्या आवृत्तीत ४०२६ पोर्टवर ऐकतो, २०१९ च्या आवृत्तीत ४०२४ वर. आवृत्ती जुळवून घ्या.

आणि थांबायची गरजच नसेल तर थांबू नका. ब्रेकपॉइंटला ‘थांबू नकोस, हा मजकूर छाप आणि पुढे जा’ असं सांगता येतं. कोणी त्याला लॉगपॉइंट म्हणतं, कोणी ट्रेसपॉइंट. फोकस हलत नाही, मुदती संपत नाहीत. फोकसच्या बगला हाच इलाज.

परवानगी नाकारली

लिनक्सवर पीआयडी बरोबर असूनही जीडीबी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणाला, तर यामाकडे (लिनक्सच्या सुरक्षेच्या एका भागाकडे) बघा. ‘पीट्रेस_स्कोप’ १ असेल तर फक्त पूर्वजाला वंशजाशी जोडता येतं. उबुंटूत १०.१० पासून हेच मूळ सेटिंग आहे. तुमचा जीडीबी वेगळ्या टर्मिनलमधून आला म्हणजे तो नात्यातला नाही. ‘सूडो सिसकंट्रोल -डब्ल्यू कर्नल.यामा.पीट्रेस_स्कोप=०’ केलं की पुढच्या रीबूटपर्यंत वाट मोकळी. डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) असाल तर तो सुरू करतानाच ‘--कॅप-अ‍ॅड=एसवायएस_पीट्रेस’ द्या.

मॅकवर अ‍ॅपच्या सहीत ‘गेट-टास्क-अलाव’ ही मुभा लागते. एक्सकोडच्या डीबग बिल्डमध्ये ती असते, वितरणाच्या बिल्डमध्ये नसते. विंडोजवर प्रोग्राम प्रशासक म्हणून चालत असेल तर डीबगरही तसाच चालवा. आणि एका प्रोसेसला एका वेळी एकच नेटिव्ह डीबगर जोडता येतो. कोणीतरी आधीच जोडलेलं असेल तर दुसऱ्याला दार बंद. ब्राउझरलाही पूर्वी हीच अडचण होती: क्रोमड्रायव्हर चालू असताना डेव्हटूल्स (ब्राउझरचा स्वतःचा डीबगर) उघडले की दोघांत भांडण. २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ६३ पासून अनेक जण एकत्र जोडू शकतात. आता ‘--ऑटो-ओपन-डेव्हटूल्स-फॉर-टॅब्ज’ देऊन टेस्टच्या ब्राउझरमध्ये डेव्हटूल्स आपोआप उघडता येतात, आणि कोडमध्ये ‘डीबगर’ हा शब्द टाकला की तिथेच थांबतो.

डीबगर जोडला की बग गायब

दोन थ्रेडमधल्या शर्यतीचे बग असे लाजाळू असतात. डीबगरमुळे प्रोग्राम जरा सावकाश होतो, क्रम बदलतो आणि सगळं हिरवं. लिनक्सवर यासाठी मला आरआर हे प्रोग्रामची फेरी टिपून ठेवणारं साधन फार आवडतं. ‘आरआर रेकॉर्ड’च्या पुढे टेस्टची आज्ञा लिहायची. ते रनरपासून शेवटच्या मुलापर्यंत सगळ्या प्रोसेस टिपून ठेवतं. टेस्ट एकदा फेल झाली की ‘आरआर पीएस’ने यादी बघायची आणि ‘आरआर रीप्ले -पी’ पुढे आपल्या प्रोग्रामचा पीआयडी. आता तीच फेल झालेली फेरी जीडीबीत पुन्हा पुन्हा चालवता येते, उलटीसुद्धा. टेस्ट केव्हाच संपलेली आहे, म्हणून मुदत नाही, फोकस नाही, कोणी मारत नाही. बग येतच नसेल तर ‘--केऑस’ देऊन थ्रेडचा क्रम मुद्दाम विस्कटता येतो. मात्र त्याला प्रोसेसरचे मोजणी काउंटर लागतात, आणि आभासी मशीनवर ते बऱ्याचदा मिळत नाहीत.

सीआयवरच फेल होते तेव्हा

तिथे बसून जोडणं शक्य नसतं. मरतानाचा फोटो, म्हणजे डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत), घ्या. विंडोजवर टेस्टच्या आधी ‘प्रॉकडंप -एमए -ई -डब्ल्यू तुमचंअ‍ॅप.एक्झी’ सुरू ठेवा. तो त्या नावाची वाट बघतो आणि न हाताळलेल्या एक्सेप्शनवर (प्रोग्राम पाडणाऱ्या चुकीवर) पूर्ण डंप लिहितो. लिनक्सवर ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’, आणि सिस्टिमडी असेल तर नंतर ‘कोअरडंपसीटीएल जीडीबी’. डंपबरोबर तेच बिल्ड आणि त्याचे सिम्बॉल जपून ठेवा.

उठण्याआधी डीबगर ‘डिटॅच’ करा. व्हिज्युअल स्टुडिओत डीबग मेनूतलं ‘डिटॅच ऑल’ निवडा. मग प्रोसेसची यादी पुन्हा एकदा बघा: आपला प्रोग्राम, क्रोमड्रायव्हर, एखादा जीडीबीसर्व्हर मागे लोंबकळत असेल तर मारा, कारण एक प्रत उरली तरी उद्याची टेस्ट तिच्याकडेच काम सोपवेल. वेट_फॉर_डीबगर काढा, मुदती जागेवर आणा, ‘एएम क्लिअर-डीबग-अ‍ॅप’ चालवा. आणि ती रजिस्ट्रीतली की.